शेवंतीचे कान

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जया एकोणीस वर्षं रक्त काढायचं काम करत होती. आजूबाजूचे डॉक्टर लहान मुलांना मुद्दाम तिच्याकडे पाठवायचे. मूल खुर्चीत बसलं की ती त्याच्याशी शाळेचं, डब्याचं, मित्रांच्या भांडणाचं बोलायला लागायची आणि बोलता बोलता म्हणायची, "हात दे बघू. काही नाही होत, मी आहे ना." मुलं हात द्यायची. आवाजच तसा आहे तिचा, असं लॅबमधले लोक म्हणायचे.

तिने लग्न केलं नव्हतं. आईच्या आजारपणात ती वर्षं निघून गेली, आणि नंतर कुणी विषय काढला नाही. धाकटा भाऊ विनीत डोंबिवलीत राहायचा. तो आणि त्याची बायको अक्षदा दोघंही नोकरी करायचे. त्यांची मुलगी समृद्धी सहा वर्षांची. दर दुसऱ्या शनिवारी ती जयाकडे राहायला यायची. अक्षदा सहजासहजी मुलीला कुणाकडे सोडायची नाही. स्वतःच्या आईकडे सोडतानाही ती चार सूचना द्यायची. जयाकडे सोडताना मात्र ती नुसती पिशवी हातात द्यायची आणि म्हणायची, "ताई, उद्या संध्याकाळी येते."

जानेवारीतल्या एका रविवारी जया समृद्धीला घेऊन बाळकुमला गेली. तिथे टॉवरांच्या मागे, खाडीच्या अंगाला, प्रफुल्ल नावाच्या तिथल्याच एका गाववाल्याने घरची उरलेली जमीन कुंपण घालून घेतली होती आणि आत प्राणी ठेवले होते. ससे, बदकं, दोन इमू, पिंजराभर रंगीत पोपट आणि एक घोडी. लॅबमधल्या एका मुलीने सांगितलं होतं, मुलांना फार आवडतं म्हणून. दाराशी कागदी ग्लासात गाजराचे लांब तुकडे विकायला होते. वर पाटी होती, 'प्राण्यांवर प्रेम करा'. दुसरी कुठलीच पाटी नव्हती.

रविवार असल्याने गर्दी होती. सगळीकडे लक्ष द्यायला एकच माणूस दिसत होता. पन्नाशी ओलांडलेला, पिकलेल्या मिशांचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. तो सशांकडून इमूंकडे आणि इमूंकडून घोडीकडे सारखा फिरत होता. लोक त्याला महिपत म्हणून हाका मारत होते.

घोडी राखाडी-पांढरी होती, अंगाने लहानशीच. गळ्यात कुणीतरी प्लॅस्टिकच्या फुलांची माळ घातली होती. समोर कमरेएवढ्या उंचीचं लाकडी आडवं दांडकं होतं, बस. दांडक्यापाशी मुलांची रांग लागली होती. प्रत्येक मूल गाजर पुढे करत होतं आणि आईबाप फोटो काढत होते.

जयाचा नंबर आला तेव्हा महिपत तिथेच होता. तो म्हणाला, "ताई, हातातून नका देऊ. खाली घमेलं ठेवलंय, त्या घमेल्यात टाका. सकाळपासून शेकडो हात आलेत तिच्या तोंडासमोर, वैतागलीय ती."

"सगळे देतायत की," जया म्हणाली.

"सगळ्यांना सांगतोय. ऐकत नाय कोणी."

तेवढ्यात सशांच्या बाजूला एका माणसाने आपल्या मुलाला जाळीवरून आत सोडलं. महिपत तिकडे ओरडत धावला. जयाने फोन काढला. समृद्धीचा हसरा व्हिडिओ अक्षदाला पाठवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

"चल, दे गाजर."

समृद्धीने ग्लास छातीशी धरला होता. "घमेल्यात टाकते."

"अगं हातातून दे ना. बघ, त्या छोट्या बाळाने पण दिलं."

"आत्या, तिचे कान बघ. मागे गेले."

"असू दे."

"तिला नकोय गाजर."

"तिला गाजर नको कसं असेल? घाबरतेस उगाच." मग जया त्याच आवाजात म्हणाली, ज्या आवाजात ती रोज बोलायची, "हात पुढे कर बघू. काही नाही होत, मी आहे ना."

समृद्धीने हात पुढे केला.

घोडीने गाजर ओढलं, आणि गाजराबरोबर बोट. दोन सेकंदांचं काम. समृद्धी आधी ओरडलीही नाही. तिने हात मागे घेतला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. मग रक्त कोपरापर्यंत आलं आणि ती किंचाळली.

महिपत पळत आला. त्याने काही विचारलं नाही. समृद्धीला उचललं, नळापाशी नेलं, साबण लावून हात पाण्याखाली धरला. जया मध्ये पडायला लागली तर तो म्हणाला, "धुवायला पाहिजे आधी. धरा तिला घट्ट." रोज रक्त बघणाऱ्या जयाने दुसरीकडे बघत तिला धरलं. त्याने डोक्याचा पंचा सोडला, मग तो मळका आहे हे बघून बाजूला टाकला आणि जयाची ओढणी मागितली. हात गुंडाळून, मुलीला कडेवर घेऊन तो रस्त्यापर्यंत धावला आणि आडवा उभा राहून त्याने रिक्षा थांबवली. रिक्षा सुटली तेव्हा तो तिथेच उभा होता. त्याचा शर्ट पुढून लाल झाला होता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक, पहिल्या पेरापर्यंत, गेलंय. हाड चिरडलेलं आहे, जोडता येणार नाही. जखम बंद करावी लागेल. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रेबीजची लस सुरू केली, आणि जखमेच्या आत सुई घालून सिरम भरलं. तेव्हा समृद्धीला धरायला दोन नर्स लागल्या. जयाने तिचा डावा हात धरला होता. समृद्धी तिच्याकडे बघत नव्हती.

विनीत आणि अक्षदा दीड तासाने पोचले. समृद्धी ऑपरेशन थिएटरमध्ये होती. अक्षदाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ती बाकावर बसली आणि विनीतने विचारलं, "ताई, झालं कसं?"

"ती गाजर देत होती," जया म्हणाली. "एकदम चावली घोडी."

"तिथे कोणी माणूस नव्हता? कोणी सांगितलं नाही, लांब राहा म्हणून?"

जयाने अक्षदाच्या पायांकडे पाहिलं. "नव्हतं कोणी," ती म्हणाली. "कोणीच काही सांगितलं नाही."

हे वाक्य बोलायचं तिने ठरवलेलं नव्हतं. पण बोलून झालं, आणि लगेच अक्षदाने तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही होतात म्हणून वेळेवर आणलंत," ती म्हणाली. त्यानंतर ते वाक्य मागे घेणं जयाला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी विनीतने पोलिसांत तक्रार दिली. ठाण्यातल्या एका यूट्यूब चॅनलवाल्याने बातमी केली. बाळकुमच्या जागेच्या दारावर महापालिकेची नोटीस लागली. मग प्रफुल्लने सोशल मीडियावर लिहिलं, की घडलेला प्रकार अत्यंत दुर्दैवी आहे, घोडीची जबाबदारी असलेला कर्मचारी जागेवर हजर नव्हता, त्याला तत्काळ कामावरून काढण्यात आलं आहे. विनीतने ते जयाला पाठवलं. खाली लिहिलं, 'बघ. तू म्हणालीस तेच निघालं.'

जयाने ते चार-पाच वेळा वाचलं. उत्तर दिलं नाही.

समृद्धी घरी आली. जया रोज संध्याकाळी लॅब सुटल्यावर डोंबिवलीला जायची. ड्रेसिंग बदलायला तीच बरी, असं अक्षदाचं म्हणणं होतं. समृद्धी ड्रेसिंग करू द्यायची. रडायची नाही. विचारलं तेवढंच बोलायची. शाळेतून बाई भेटायला आल्या, त्यांच्याशीही तशीच. अक्षदा म्हणायची, "धक्का बसलाय तिला. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल."

पाचव्या की सहाव्या दिवशी विनीत लॅपटॉपवर पुरवणी जबाब लिहीत होता. वकील मित्राने सांगितलं होतं की बारीकसारीक सगळं यायला हवं. तो मोठ्याने वाचत होता. "घटनेच्या वेळी घोडीजवळ एकही कर्मचारी उपस्थित नव्हता. कोणतीही तोंडी वा लेखी सूचना देण्यात आली नाही."

समृद्धी कोचावर बसून टीव्ही बघत होती. आवाज बंद होता. ती म्हणाली, "ते काका होते ना. ते म्हणाले, घमेल्यात टाका."

विनीत थांबला. "कोण काका?"

"मिशीवाले. ते म्हणाले, हातातून नका देऊ."

विनीतने जयाकडे पाहिलं. ती समोर खुर्चीवर कात्रीने बँडेजची पट्टी कापत होती. अक्षदाही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तो माणूस नंतर आला ना, बाळा," जया म्हणाली. "हात धुवायला आला. तेव्हा काय काय बोलत होता तो. तुला आता नीट आठवत नसेल."

"आधी म्हणाले."

"सोनू, तू घाबरलेलीस तेव्हा," विनीत म्हणाला. "असं होतं, मागचं पुढचं एकत्र होतं. आत्या होती ना तिथे."

समृद्धीने जयाकडे पाहिलं. रागाने नाही. खूप लक्ष देऊन, जणू आत्या अजून काही बोलेल याची ती वाट बघत होती. जया पट्टी कापत राहिली. मग समृद्धीने टीव्हीकडे तोंड केलं, आणि त्या दिवसापासून त्या रविवारबद्दल तिने कुणाला काही सांगितलं नाही.

लॅबमध्ये त्याच आठवड्यात एक मुलगा आला. सात वर्षांचा, डेंग्यूच्या तपासणीला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. जया सुई घेऊन समोर बसली. "हात दे बघू," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिच्या तोंडून निघेनात. मुलगा वाट बघत होता. त्याची आई वाट बघत होती. शेवटी जया म्हणाली, "दुखेल. थोडं दुखेल." मुलगा रडायला लागला. तिने शेजारच्या मुलीला बोलावलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

तिथे तिने फोन काढला. व्हिडिओ होता. त्या दिवसापासून तिने तो उघडला नव्हता आणि पुसलाही नव्हता. एकेचाळीस सेकंदांचा. तिने आवाज अगदी कमी केला आणि कानाला लावून नुसतं ऐकलं. महिपतचा आवाज त्यात नव्हता, तो आधीच गेला होता. पण समृद्धी म्हणत होती, 'घमेल्यात टाकते'. समृद्धी म्हणत होती, 'तिचे कान बघ'. 'तिला नकोय'. आणि मग तिचा स्वतःचा आवाज आला, शांत, गोड. तिने फोन बंद केला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती बाळकुमला गेली. फाटक अर्धवट लावलेलं होतं. आत प्रफुल्ल एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. चाळिशीचा, जाडजूड, गळ्यात सोन्याची साखळी. तिने नाव सांगितल्यावर तो उभा राहिला आणि आपली खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली.

"ताई, पोरगी कशी हाय?"

"बरी आहे."

"मी येनार होतो हास्पिटलात. वकील बोलला, नको जाऊ." तो खाली बघत बोलत होता. "इकडं आमचं मिठागर होतं. बाप मिठात राबला. मंग सगळं गेलं, येवढा तुकडा राहिला. बोललो, पोरांसाठी कायतरी करू. मला जनावरांचं काय कळतंय? महिपतला कळायचं."

"मग त्याला काढलंत का?"

"कोनालातरी काढायला लागतंय ना ताई. पालिकेवाले येतात, पोलीस येतात, सगळे विचारतात, जबाबदार कोन. दुसरा मानूस डिसेंबरात सोडून गेला, तवापासून तो येकटा. मला बोललेला, शेठ, रविवारी येकट्याला नाय जमत, घोडी बंद ठेवू. मी बोललो, घोडीसाठीच तर लोक येतात." त्याने जयाकडे पाहिलं. "हे मी तुम्हाला बोलतोय. कोर्टात नाय बोलनार."

"घोडी कुठे आहे?"

"त्याचीच होती ती. घेऊन गेला."

जयाने महिपतचा पत्ता घेतला. कल्याणला, जुन्या तबेल्यांपैकी एक अजून उभा होता, त्याच्या मागच्या खोलीत तो राहत होता. ती पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. महिपत बाहेर लोखंडी आकडीने घोडीच्या खुरातली माती काढत बसला होता. तिला बघून त्याने हातातली आकडी खाली ठेवली, पण उठला नाही.

"पोरगी?" त्याने विचारलं.

"बोटाचं टोक गेलं. बाकी ठीक आहे."

त्याने मान हलवली. जया तिथल्या दगडावर बसली. घोडी तिच्यापासून चार हातांवर होती. गळ्यातली माळ नव्हती. ती कडबा चावत होती, आणि जयाला तिची भीतीही वाटत नव्हती आणि रागही येत नव्हता. याचंच तिला वाईट वाटलं.

"तुम्ही मला सांगितलं होतंत," ती म्हणाली. "मी घरी सांगितलं, कोणी नव्हतं म्हणून."

"कळलं मला. पोलिसांनी वाचून दाखवलं."

"तुम्ही त्यांना खरं सांगितलं नाही?"

"सांगितलं. ते बोलले, बाई कशाला खोटं बोलेल, तिच्याच घरातली पोर हाय." तो हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. "माझा बाप इथं टांगा चालवायचा. मी लग्नाच्या वरातीला घोड्या लावायचो. ही शेवंती तेव्हापासून माझ्याकडं. बँडबाजा, फटाके, अंगावर नोटा, कधी कोणाला लागली नाय. पण वरात दोन तासांची असते. तिथं सकाळी दहापासून सहापर्यंत तोंडासमोर हातच हात. गाजर असलेले, नसलेले. मस्करी करणारे. ती काय ओळखणार, बोट कुठलं आणि गाजर कुठलं? त्या रविवारच्या दहा दिवस आधी एकाची बाही धरलेली तिनं. मी शेठला सांगितलेलं."

"मग चूक कोणाची?" जयाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

महिपतने घोडीच्या पायाकडे पाहिलं. "मी सांगून पाठ फिरवली. घोडीला आत बांधून मग सशांकडं जायला पाहिजे होतं. रोज झोपताना तेच येतं डोक्यात. शेठचं शेठ बघेल. तुमचं तुम्ही बघा."

"माझी भाची म्हणत होती, घोडीचे कान मागे गेलेत. तिला नकोय."

त्याने मान वर केली. "पोरगी बोलली असं?"

"हो."

"कान बघितले तिनं?"

"हो."

"तिथं दिवसाला शेकडो माणसं यायची," तो म्हणाला. "एवढ्या दिवसांत एकानं बघितले नाय." त्याने आकडी पुन्हा हातात घेतली, पण खूर उचलला नाही. "मला वरातीचं काम पण कोणी देत नाय आता. घोडी चावकी म्हणून नाव झालंय. तुम्ही आलात, बरं केलंत. पण इथं बोलून काय उपयोग? जिथं बोलायचं तिथं बोला. आणि पोरीला सांगा, ती बरोबर होती म्हणून. नाहीतर पुढच्या वेळेला ती सांगायची नाय."

जया उठली.

ती तिथून थेट डोंबिवलीला गेली. वाटेत दोनदा तिला वाटलं, आधी पोलिसांत जावं, घरी नंतर सांगावं. पण तिला माहीत होतं की ते सोपं होतं, म्हणूनच ते तिच्या मनात येत होतं.

विनीत घरी होता. अक्षदा समृद्धीला वरणभात भरवत होती, उजव्या हाताला बँडेज असल्याने. जया समृद्धीसमोर जमिनीवर बसली.

"समू, मला तुला काहीतरी सांगायचंय. ते काका आधीच तिथे होते. ते म्हणाले होते, घमेल्यात टाका. तुला बरोबर आठवत होतं. मी खोटं बोलले."

समृद्धीने घास गिळला. अक्षदाचा हात ताटात थांबला.

"काय बोलतेस तू?" विनीत म्हणाला.

"तू मला सांगितलंस, कान मागे गेलेत, तिला नकोय. मी ऐकलं नाही. मी तुला हात पुढे करायला लावला. बोट गेलं ते माझ्यामुळे गेलं. त्या माणसांचीपण चूक आहे, पण तुझी काहीच नाही."

"ताई, तू ठीक आहेस ना?" विनीत उभा राहिला होता.

जयाने फोन काढून अक्षदाकडे दिला. "व्हिडिओ आहे. आतल्या खोलीत जाऊन बघ. तिच्यासमोर नको."

अक्षदाने हात धुतले, फोन घेतला आणि आत गेली. विनीत तिच्या मागे गेला. बाहेर जया आणि समृद्धी दोघीच राहिल्या. समृद्धी म्हणाली, "तू बाबांना का नाही सांगितलंस?"

"घाबरले होते."

"कोणाला?"

"तुझ्या आईला. बाबांना. सगळ्यांना."

समृद्धीने यावर विचार केला. मग ती डाव्या हाताने स्वतःच भात खायला लागली. भात सांडत होता. जयाला वाटलं, चमचा हातात घ्यावा, पण तिने घेतला नाही.

विनीत आधी बाहेर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी त्या माणसाविरुद्ध सही केली," तो म्हणाला. "त्याची नोकरी गेली. मी चॅनलवर जाऊन बोललो ताई. तुझ्या शब्दावर."

"माहितेय मला."

"तू त्या दिवशी इथे बसून तिला खोटं पाडलंस. आणि मी पण पाडलं, तुझ्यामुळे." तो पुढे काही बोलणार होता, पण अक्षदा आली आणि तो थांबला.

अक्षदाने फोन जयाच्या हातात दिला. ती ओरडली नाही. "मी तीन वेळा बघितला," ती म्हणाली. "दोन आठवडे माझी मुलगी गप्प आहे. मला वाटत होतं, बोटामुळे."

जयाने मान खाली घातली.

"चूक कोणाकडूनही होते. माझ्याकडून पण झाली असती. मी पण म्हटलं असतं, दे हातातून, फोटो काढते. त्याचं मला काही नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पण ती खरं सांगत होती आणि तुम्ही तिच्या डोळ्यांत बघून… तुम्ही आता जा. ड्रेसिंगला मी नर्स बघेन."

दुसऱ्या दिवशी जयाने लॅबमध्ये रजा टाकली आणि पोलिस ठाण्यात जाऊन खरा जबाब दिला. हवालदाराने दोनदा विचारलं, "मॅडम, हे स्वतःहून देताय ना? कोणी दबाव नाही ना?" तिने व्हिडिओ दिला. विनीतही नंतर जाऊन आला, त्याने स्वतःचा जबाब बदलला. चॅनलवाल्याला त्याने फोन केला, पण त्याला नव्या बातमीत रस नव्हता. जुनी बातमी तशीच राहिली.

महिपतवरचा ठपका गेला. प्रफुल्लवरची तक्रार राहिली, कारण गर्दीच्या दिवशी एकच माणूस ठेवल्याचं आणि आधी सांगूनही घोडी बंद न केल्याचं महिपतच्या जबाबात होतं आणि आता त्याच्यावर विश्वास ठेवला गेला. प्रफुल्लने मार्चमध्ये जागा पुन्हा उघडली. प्राण्यांसमोर दुहेरी जाळी आली, खायला घालणं बंद झालं, चार माणसं ठेवली. जयाने हे दुसऱ्यांकडून ऐकलं. महिपतला त्याने परत बोलावलं नाही. कोर्टात आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला कोण बोलावतं? महिपतला खडवलीच्या बाजूला एका रायडिंग क्लबात काम मिळालं, पण तिथे शेवंतीला घेतलं नाही. त्याने ती कसाऱ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला दिली. जयाने फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चांगला माणूस हाय. चरायला जागा हाय." मग फोन ठेवून दिला.

लसीचा शेवटचा डोस, टाके काढणं, बोटाला व्यायाम, यातलं काहीच जयाला कुणी कळवलं नाही. शनिवार येत होते आणि जात होते. विनीत अधूनमधून फोन करायचा, आईच्या वर्षश्राद्धाचं किंवा घरपट्टीचं बोलायचा, आणि समृद्धीबद्दल विचारलं की म्हणायचा, "बरी आहे." एकदा म्हणाला, "शाळेत बडबड करते म्हणून बाईंनी बोलावलं होतं." त्या दिवशी जयाने लॅबमध्ये सगळ्यांसाठी चहा मागवला. का ते सांगितलं नाही.

जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात, अक्षदाचा मेसेज आला. 'समू विचारत होती. रविवारी येऊ शकता.'

जया गेली. अक्षदाने दार उघडलं, पाणी दिलं आणि तिथेच खुर्चीवर कपड्यांच्या घड्या घालत बसली. ती आत जाणार नाही हे उघड होतं. समृद्धी अंगाने वाढली होती. तिने शाळेची नवी वही आणून दाखवली. मधलं बोट आखूड होतं, टोकाला गुळगुळीत, आणि पेन्सिल तिने अंगठा, तर्जनी आणि अनामिका यांत धरली होती. अक्षर पूर्वीपेक्षा मोठं येत होतं.

"दुखतं का?" जयाने विचारलं.

"थंडीत दुखेल, असं डॉक्टर म्हणाले. आता पावसात नाही दुखत." तिने एक ओळ लिहून संपवली. "शेवंती कुठेय?"

जयाला आश्चर्य वाटलं. "तुला नाव माहितेय?"

"काका म्हणत होते ना, हात धुताना. शेवंती, काय केलंस गं. तेव्हा."

"ती एका शेतावर आहे. लांब."

"तिथे मुलं येतात?"

"नाही बहुतेक."

"बरं," समृद्धी म्हणाली आणि पुढची ओळ लिहायला लागली.

तासभर झाला. तेवढ्या वेळात अक्षदा एकदाही उठली नाही. घड्या संपल्या तेव्हा तिने त्याच कपड्यांची एक घडी मोडून पुन्हा घातली. पाच वाजले तसं जया स्वतःच उठली. समृद्धीने वहीतून मान वर न करता हात हलवला.

जया दाराशी चपला घालत होती. अक्षदा मागे येऊन उभी राहिली. काहीतरी बोलायचं आहे, पण बोलावं की नाही हे अजून ठरत नाही, अशी ती उभी होती.

"पुढच्या रविवारी आम्ही माझ्या आईकडे जातोय," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या पुढच्या रविवारी या. चार ते पाच."

"येईन," जया म्हणाली.

अक्षदाने दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. जया जिना उतरायला लागली.